निळ्या अंड्यातनं निघाली, घालते मात्र जवारीच अंडं: घोळ कुठं होतो?

"वहिनी, निळ्या अंड्यातनंच निघालेली पिल्लं हायत म्हणून सांगून दिली होती. आता तलंग घालायला लागली, तर अंडं आपलं जवारीच. फसवलं की ओ आम्हाला."

असा फोन मला दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे येतो. (तलंग म्हणजे नुकती अंड्यावर आलेली तरणी कोंबडी, जवारी म्हणजे आपली गावठी.) चैत्रात खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांची पिल्लं सहा-सात महिन्यांनी, म्हणजे बरोबर त्याच सुमारास अंड्यावर येतात. त्यामुळं तक्रारीचाही हंगाम ठरून गेलाय. कधी नंदगडची मैत्रीण असते, कधी निपाणीकडचे पाहुणे, कधी बेळगावात गच्चीवर कोंबड्या पाळणारा कुणी कॉलेजातला पोरगा. मी काही जनावरांची डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर आमचं घर, मागं परडं आणि त्यात कधी बारा, कधी वीस कोंबड्या. पण हीच चूक मी ओळीनं तीन वर्षं केली, आणि दरवर्षी वेगळ्या पद्धतीनं केली, म्हणून लोक मला विचारतात.

दरवेळी माझं पहिलं उत्तर एकच: विकणारा खोटं बोलला असेलच असं नाही. अंडं निळं असणं वेगळं आणि त्यातनं निघालेल्या कोंबडीनं निळं अंडं घालणं वेगळं. टरफल घडवते ती आई, आपल्या पोटात, शेवटच्या वीसेक तासांत. आतल्या पिल्लाचा त्यात काही हात नसतो. निळं टरफल ही आईची साक्ष आहे. पिल्लाच्या अंगात काय उतरलं ते टरफलावर लिहिलेलं नसतं, आणि बाप कसला होता हे तर त्या टरफलाला ठाऊकच नाही.

एवढं डोक्यात बसलं की निम्मा गुंता सुटतो. उरलेला चार-पाच ठिकाणी अडकलेला असतो, आणि बहुतेकांकडं एका वेळी दोन-तीन गाठी असतात. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं सांगते.

आधी एक टरफल फोडा

आपल्याकडं निळ्याचं जनुक आहे तरी का, हे सगळ्यात आधी बघायचं. कोंबडीच्या अंड्याला रंग देणारी द्रव्यं मुळात दोनच. एक निळसर-हिरवं, बिलिव्हर्डिन. दुसरं तपकिरी, प्रोटोपॉर्फिरिन. पहिलं टरफल घडत असतानाच त्याच्या सगळ्या जाडीत मिसळत जातं. दुसरं शेवटच्या काही तासांत बसतं, भिंतीवर वरनं रंगाचा हात मारावा तसं. म्हणून आम्लेट करताना टरफल टाकू नका. आतला पातळ पापुद्रा नखानं सोलून काढा, टरफल धुवा आणि आतली बाजू उजेडात बघा. आत निळसर झाक असेल तर जनुक आहे. आत पांढरंफेक असेल तर बाहेरनं ते कितीही हिरवट भासू दे, ते तपकिरीच.

हिरवं हा काही तिसरा रंग नाही. खाली निळं टरफल, वर तपकिरी हात, की झालं हिरवं. खाकी-हिरवं अंडं थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून फडक्यानं चोळलं तर वरचा थर सुटतो आणि खालचा निळा उघडा पडतो. सुट्टीत आलेल्या पोरांना दाखवायला झकास गंमत.

उबवायला म्हणून डझनभर अंडी आणली की त्यातलं एक असं फोडायची माझी आता रीतच आहे. जीव हळहळतो, पण रंगवून विकलेलं अंडं इथंच पकडलं जातं. त्याच्या आत पांढरंच असतं, फार तर छिद्रांतनं झिरपलेले ठिपके. जत्रेत गुलाबी-पोपटी पिल्लं विकायला येतात, ती फार्मची नर पिल्लं रंगात बुडवलेली असतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. अंड्याच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही भुलतात.

२०२५ मध्ये दावणगेरे जिल्ह्यात एका कोंबडीनं निळं अंडं घातल्याची बातमी आली, तेव्हा आमच्याकडच्या कानडी आणि मराठी, दोन्ही गटांत ती आठवडाभर फिरत होती. आणि दोन्हीकडं प्रश्न एकच: खायला काय घातलं असेल? खाण्यानं बदलतो तो बलकाचा रंग. मका, शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या घाला, बलक केशरी होईल. टरफल आहे त्याच रंगाचं राहील. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, हे अजून पटलेलं नाही. त्या अजूनही हिरवं अंडं घालणाऱ्या कोंबडीला पालकाचे देठ जास्त टाकतात. कोंबडीची काही तक्रार नाही.

कोंबडा अंडं घालत नाही, तिथंच फसगत

निळ्याच्या जनुकाचा हिशेब १९३३ मध्ये रेजिनाल्ड पनेट या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडला. पोरं शाळेत आनुवंशिकतेचा जो चौकोन काढतात, तो त्याचाच. पुढं २०१३ मध्ये कळलं, की फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत घुसून बसला आणि त्यामुळं हा रंग टरफलात उतरायला लागला. चिलीच्या अरौकाना कोंबड्यांत आणि चीनमधल्या काही जातींत हा अपघात स्वतंत्रपणे, वेगवेगळा घडलाय. आपल्या जवारीत, असीलमध्ये, कडकनाथमध्ये, सरकारी गिरिराज-वनराजात तो नाही. म्हणजे निळं हवं तर ते बाहेरनंच आणायला लागतं, आणि बहुतेक वेळा ते कोंबड्याच्या रूपानं येतं.

आता हिशेब बघा. प्रत्येक कोंबडीकडं या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्हींतली एक जरी निळी असली तरी अंडं निळं. दोन्ही निळ्या असतील तिला मी शुद्ध म्हणते, एकच असेल तिला मिश्र, एकही नसेल तिला साधी. शुद्ध आणि मिश्र यांची अंडी डोळ्यानं वेगळी ओळखता येत नाहीत. शुद्ध कोंबडीचं बहुधा थोडं गडद असतं, पण त्यावर पैसे लावू नका. पिल्लाकडं मात्र फरक पडतो: शुद्ध कोंबडी प्रत्येक पिल्लाला निळी प्रत देते, मिश्र निम्म्यांनाच.

माझं पहिलं वर्ष असं गेलं. एका विक्रेत्याकडनं डझनभर निळी अंडी बसनं मागवली. आल्या आल्या कोंबडीखाली ठेवली. हीही चूकच, प्रवासातली अंडी निमुळतं टोक खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवायला हवीत. आठ फुटली. एक घारीनं नेलं. सातांत चार नर, तीन माद्या. त्या तिघींपैकी एकीनं हिरवट अंडं घातलं, दोघींनी जवारीसारखं. मी विक्रेत्याला फोनवर बरंच काही बोलले. आज बोलले नसते. दोन पोरी साध्या निघाल्या म्हणजे आई मिश्र होती आणि बापाकडंही निदान एक साधी प्रत होती, एवढाच त्याचा अर्थ. अंडी निळी होती हे त्याचं म्हणणं खरंच होतं. बाप कुठला, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्याच बॅचमधला एक नर ठेवला. निळ्या अंड्यातनं निघाला होता ना! पाच तलंगी झाल्या, पाचही साध्या. कोंबडा मिश्र असता तर पाचच्या पाच साध्या निघण्याची शक्यता बत्तिसात एक. म्हणजे तो जवळजवळ नक्कीच साधा होता, आणि त्याला मी वर्षभर मका घातला.

कोंबड्याची परीक्षा घ्यायची एकच खात्रीची रीत आहे. ज्यांच्या अंड्यांचं टरफल आतनं पांढरं आहे अशा साध्या कोंबड्यांवर तो सोडायचा आणि पोरींची वाट बघायची. एक जरी पोर साधी निघाली तर कोंबडा शुद्ध नाही, खटला तिथंच निकालात. सहाच्या सहा पोरींनी निळं किंवा हिरवं घातलं, तर कोंबडा मिश्र असता तर असं घडण्याची शक्यता चौसष्टात एकच. परड्यातल्या माणसाला एवढं पुरे. पण सहा पोरी हातात यायच्या तर वीसेक अंडी बसवायला लागतात: थोडी वांझ निघतात, निम्मी पिल्लं नर, आणि बाकीच्यांवर घार, मुंगूस आणि मानमोडीचा रोग टपलेला. जवारी कोंबडीखाली दहा-बारा अंडी नीट उबतात, म्हणजे दोन खुडूक कोंबड्या एकदम हव्यात. एकवीस दिवस आणि वर सहा-सात महिने. घाई असणाऱ्यानं या नादाला लागू नये, दुसरं काय सांगू.

ज्यांच्याकडं शुद्ध कोंबडा आहे त्यांचं काम सोपं. पहिल्या पिढीतल्या सगळ्या पोरी निळ्या-हिरव्या, पण सगळ्या मिश्र. त्यांना त्यांच्याच भावांकडं सोडलं तर चारात एक साधी निघते, आणि "दुसऱ्या पिढीत रंग पळाला" अशी ओरड सुरू होते. रंग पळाला नाही, तो निम्माच होता. अशा वेळी त्या पोरी एकदा पुन्हा शुद्ध कोंबड्याकडंच द्यायच्या. मग एकही साधी निघत नाही आणि निम्म्या शुद्ध होतात. बापलेकीची जोडी एखाद्या पिढीपुरती चालते. तेच दरवर्षी करत राहिलात तर अंडी फुटायचं प्रमाण घसरायला लागतं, म्हणून पुढं रक्त बदला.

तुऱ्यावरनं ओळखायचं खूळ

परदेशी व्हिडिओ बघून पोरं सांगतात, "काकी, तुरा बघायचा, वाटाण्यासारखा असला की निळं अंडं." अरौकानाच्या बाबतीत यात तथ्य आहे. मण्यांच्या तीन बुटक्या ओळींसारखा तो तुरा आणि निळं अंडं, या दोन्हींची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळं बहुतेक वेळा जोडीनं खाली उतरतात. शंभरात थोडीच फारकत घेतात.

पण आपल्या भागात परड्या-परड्यात असीलचं रक्त आहे. झुंजींना कायद्यानं बंदी असली तरी रक्त कुठं जातंय? आणि असीलचा तुरा तसाच, आखूड आणि मण्यांचा. त्याच्या मागं निळं-बिळं काही नाही. असील मिसळलेल्या जवारी कोंबडीवर अरौकाना कोंबडा सोडला, तर पिल्लाचा वाटाणी तुरा आईकडनं आला की बापाकडनं, हे देवच जाणे. उलट बाजूही आहे. केंब्रिजमध्ये घडवलेली क्रीम लेगबार बघा, सरळ करवती तुरा, डोक्यामागं शेंडी आणि अंडं निळं. तुऱ्यावर विसंबलात तर तिची पोर तुम्ही रश्श्यात घालाल.

तुरा उपयोगी पडतो तो एकाच वेळी: तुमच्या सगळ्या कोंबड्या सरळ करवती तुऱ्याच्या असतील, आणलेला कोंबडा वाटाणी तुऱ्याचा असेल आणि त्याच्या निळेपणाची आधीच खात्री असेल. तेव्हा पिल्लं लहान असतानाच तुरा बघून कुठली ठेवायची याचा अंदाज घेता येतो. कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, हेही असंच अर्धवट. अरौकानाची पाळी तांबडी असते.

शेजारचा कोंबडा

तिसऱ्या वर्षी मी शहाणी झाले होते. चांगला दाढीवाला कोंबडा आणला, ज्याच्या पोरींची अंडी डोळ्यानं बघितली होती. आणला आणि दुसऱ्याच दिवशी परड्यात सोडला. आठवड्यानं अंडी गोळा करून बसवली. पिल्लं निघाली, आणि अकरातल्या पाचांच्या माना उघड्या! उघड्या मानेचा कोंबडा आमच्या आळीत एकच, पलीकडच्या काकूंचा.

"काकू, तुमचा कोंबडा जरा डालून ठेवत जावा की."

"माझा कुठं येतोय? तुझ्याच कोंबड्या कुंपणाखालनं येत्यात त्याच्याकडं. आधी त्यांना डाल."

काकूंचं खरं होतं. उघडी मान हा गुण बापाकडची एक प्रत आली तरी दिसतो, म्हणून मला निदान चोर सापडला. तुमच्या शेजारचा कोंबडा साधा तांबडा असेल तर पत्ताही लागणार नाही, आणि तुम्ही वर्षभर निळ्याच्या नावानं बोटं मोडत बसाल.

इथं आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कोंबडा बाजूला केला म्हणून त्याचं काम संपत नाही. कोंबडीच्या पोटात त्याचं बीज साठून राहतं आणि दोन, कधी तीन आठवडे अंडी फळतात. म्हणून कोंबडा बदलताना कोंबड्या आधी तीन आठवडे जाळीत कोंडायच्या, जुन्या किंवा शेजारच्या कोंबड्याची सावलीही पडू द्यायची नाही. त्या दिवसांतली अंडी खा, विका, पण बसवू नका. मग नवा कोंबडा सोडायचा आणि आठवड्यानंतरची अंडी धरायची. आमच्याकडं परड्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या कोंडायच्या म्हणजे आत्तींच्या जिवाला घोर. "जेलात घातल्यात बिचाऱ्या" म्हणत त्या रोज जाळीतनं गवत टाकायच्या.

बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख घाला. खुडूक कोंबडी उठून दाणे टिपायला गेली की दुसऱ्या तिच्या जागेवर खुशाल अंडं घालून जातात. बिनतारखेचं अंडं दिसलं की काढून घ्यायचं.

कुणाचं अंडं कुठलं

एकाच बुट्टीत सहाजणी घालतात आणि आपण म्हणतो, "ती काळी हिरवं घालते." कशावरनं? आमच्याकडं दोन वर्षं हिरव्या अंड्याचं श्रेय एका ठिपकेवालीला मिळत होतं. तिला आम्ही जपलं, तिचीच अंडी बसवली, आणि घालत होती तिची बहीण.

याला सोपा उपाय आहे. जिलेबीत घालतात तो खायचा केशरी रंग थोड्या तेलात कालवायचा आणि संध्याकाळी कोंबडी खुराड्यात गेल्यावर अंडं येतं त्या जागी बोटानं लावायचा. सकाळी अंड्यावर केशरी ओरखडा दिसतो. दोघी-तिघींचा संशय असेल तर एकेका दिवशी एकेकीला. ओळखीला पायात रंगीत प्लास्टिकचं कडं. चिंध्या बांधू नका, पिल्लू वाढतं आणि चिंधी मांसात रुतते.

निळं पाहिजे होतं, खाकी आलं

ही तक्रार नाही खरं तर, हिशेब आहे. जवारी कोंबडीचं अंडं मुळात फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरं. तिच्यावर शुद्ध निळ्याचा कोंबडा सोडला की पोरीच्या निळ्या टरफलावर आईकडचा तपकिरी हात बसतो. म्हणून हिरवट. तपकिरी रंग एका जनुकाचा खेळ नाही, त्याला बरीच जनुकं लागतात आणि ती दोन्हीकडनं येतात. त्यामुळं सख्ख्या बहिणींतही एकीचं पोपटी, एकीचं मातकट. ऱ्होड आयलंड रेडसारखी चांगली तपकिरी अंड्याची कोंबडी घेतली तर हिरवं आणखी गडद. तो शेवाळी, ऑलिव्ह रंग लोक फोटोत बघतात, त्याला चॉकलेटी अंड्याची मारांसारखी जात लागते. गिरिराजाकडनं तेवढी अपेक्षा ठेवू नका.

कडकनाथचा मोह तर सोडाच. काळी कोंबडी म्हणजे काळं अंडं, असं सांगून अंडी विकणारे भेटतात. कडकनाथची कातडी, मांस, हाडंसुद्धा काळपट, पण अंडं फिकट तपकिरी, थोडं गुलाबी झाक असलेलं. कडकनाथशी संकर केलात तर पिल्लांची कातडी काळवंडेल, अंड्याच्या रंगात काही भर पडणार नाही.

आकाशासारखं स्वच्छ निळं हवं तर आई पांढऱ्या अंड्याचीच हवी, म्हणजे लेगहॉर्न. आपल्याकडं ती सगळ्यात स्वस्त मिळते: लेअर फार्मवरनं वय झालं म्हणून काढून टाकलेल्या पांढऱ्या कोंबड्या. चोच कापलेली, पिसं झडलेली, बघून पोटात तुटतं. महिनाभर मोकळं फिरल्या की सावरतात आणि थोडी का होईना अंडी देतात. पण त्या खुडूक बसत नाहीत, त्यांच्या पोरीही फारशा बसत नाहीत. पांढरा रंग घारीला लांबनं दिसतो तो वेगळाच. म्हणून मी त्यांची अंडी घेते आणि उबवायला जवारीच बसवते. रंगाच्या नादात परड्यातलं खुडूक बसणारं रक्तच घालवून बसू नका. मग इनक्युबेटर आणि लोडशेडिंग यांच्यात तुमची रात्र जाईल.

रंग होता, मग उडाला

कोंबडी तीच आणि रंग बदलला, तर जनुकाला दोष देऊ नका. जनुक रात्रीत बदलत नाही. तलंगीची पहिली अंडी गडद असतात, हंगाम संपत येईल तशी फिकी होतात, पिसं झडून पुन्हा घालायला लागली की रंग परततो. खाकी अंडं उन्हाळ्यात निळसर दिसायला लागतं, कारण वरचा तपकिरी हात विरळ होतो.

उन्हाळ्यात टरफलही पातळ होतं. आमच्याकडं फार नाही, पण अथणी-रायबागकडच्या उन्हात जास्त. कोंबडी धापा टाकते तेव्हा अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त उडून जातो आणि टरफलाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. सावली, गार पाणी, आणि वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा. गोव्याच्या तिसऱ्या खाल्ल्या की शिंपले भाजून कुटून ठेवायचे, आमच्याकडं एवढंच करतात आणि ते पुरतं. टरफलावर खडूसारखी पांढरी भुकटी दिसली तर अंडं आत जास्त वेळ थांबलेलं असतं. रात्री कुत्रं किंवा मांजर येऊन गेलं का बघा.

पावसाळ्यात रक्ती हगवण लागली की लोक दुकानातनं पावडर आणून खाद्यात मिसळतात. तिच्यात नायकार्बाझिन हे औषध असेल तर तपकिरी अंडी पांढरी पडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांना ते देऊच नये.

सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम फिकी, सुरकुतलेली, मऊ टरफलाची यायला लागली, पांढरा पाण्यासारखा पातळ झाला, तर तो आजार. तिथं माझा सल्ला संपला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जा, आणि मानमोडीची लस दिलेली नसेल तर ते आधी कबूल करा.

हिरव्या अंड्यात ताकद जास्त आणि कोलेस्टेरॉल कमी, असं सांगून कुणी दुप्पट भाव मागितला तर देऊ नका. आत सगळं तेच. मी बेळगावच्या बाजारात पहिल्यांदा हिरवी अंडी नेली तेव्हा एका बाईनं उचलून वास घेतला आणि विचारलं, "तत्ती नासली हायत काय ओ?" (तत्ती म्हणजे अंडी.) जवारीच्या भावात दिली.

सध्या परड्यात

चौथ्या वर्षी त्याच दाढीवाल्या कोंबड्याची नीट परीक्षा घेतली. गोठ्यामागं जाळी मारली. आत सरळ तुऱ्याच्या दोन जवारी आणि फार्मच्या दोन पांढऱ्या, चौघींची टरफलं आतनं पांढरी असल्याचं फोडून बघितलेलं. तीन आठवडे कोंबड्याविना, मग कोंबडा, मग तारखा घालून अंडी. सात तलंगी हाताला लागल्या. चौघी जवारी आयांच्या, त्यांची अंडी हिरवट. पांढऱ्यांच्या तीन पोरींपैकी दोघींची अगदी फिकट निळी, नव्या वहीच्या कव्हरासारखी. सहापैकी सहा.

सातवी अजून घालायची आहे. तुरा तांबडा झालाय, बुट्टीत जाऊन बसते, पेंढा उकरते आणि उठून येते. आत्ती सकाळी चहा ठेवायच्या आधी तिच्या बुट्टीत हात घालून बघतात आणि मला आतनंच सांगतात, "नाही गं अजून."